डाव्या पाट्याची पिन

माझं लग्न ठरलं आणि घरात पहिला वाद झाला तो मांडवावरून. मांडव घरापुढच्या खळ्यातच पडायला हवा याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, पण खळ्यात ट्रक उभा होता. तो काही आज-काल येऊन उभा राहिला नव्हता. मी पाटी घेऊन शाळेत जात होते तेव्हापासून तिथेच होता, आणि आम्ही सगळे त्याला इतके सरावलो होतो की भाताची झोडणीसुद्धा त्याला वळसा घालून व्हायची. लपंडावात त्याच्याखाली लपलं तर तो डाव धरलाच जात नसे, कारण पहिल्यांदा सगळे तिथेच बघायचे. लग्नाच्या बोलणीला वावोशीहून माझे होणारे सासरे आले, चहा घेतला, खळ्याकडे बघून म्हणाले, मांडव छान बसेल हो इथे, आणि मग त्यांची नजर ट्रकवर जाऊन थांबली. आमच्या घरातल्या सगळ्यांनी त्याच वेळी दुसरीकडे बघितलं.

लांब नाकाचा, जुन्या घाटणीचा ट्रक होता तो. पुढे भलंमोठं बॉनेट, दोन्ही बाजूंना बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे, दारावर कुणा रंगाऱ्याने काढलेलं कमळ. हौद्याच्या फळ्या केव्हाच गोठ्यात गव्हाणीला लागल्या होत्या. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत. बॉनेटवर आई कुरडया वाळत घाली, कारण पत्रा असा तापायचा की दुपारपर्यंत काम उरकायचं. एका पावसाळ्यात कारल्याचा वेल आरशाच्या दांडीवर चढला आणि आम्हाला सांगितल्याशिवाय अख्ख्या केबिनवर पसरला. तो संपेपर्यंत आमच्या ताटातलं कारलं हटलं नाही. पुढची डावी बाजू मात्र खाली बसलेली होती. तिथला पाटा तुटला होता. चाकावर धनुष्यासारख्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांची जुडी असते, सगळं वजन झेलते, तिला पाटा म्हणतात. आणि त्या जुडीची दोन्ही टोकं गाडीच्या सांगाड्याला जाड पिनांवर टांगलेली असतात. आमच्या ट्रकला त्या जागी सागाचा एक ओंडका साखळीने आवळून बांधला होता. ट्रक ओढून घरी आणताना कुणीतरी केलेली ती सोय, आणल्यानंतर कुणी सोडली नव्हती. यातलं काहीही मला तेव्हा माहीत नव्हतं. आता विचाराल तर झोपेतून उठून सांगेन.

आमचं घर कडावच्या अलीकडे, भातशेतीच्या मधोमध, आणि घराचा दिवस आवाजांवर चालायचा. पहाटे चरवीत दुधाच्या धारा, मग डेअरीला जाणाऱ्या कॅनचा खडखडाट, मग आईच्या हाताखाली तांदळाच्या भाकरीची थापथाप, आणि या सगळ्यातून फिरणारी बबनकाकाच्या कुबडीची ठकठक. बबनकाका आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धाकटा भाऊ. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्याने लग्न केलं नाही, आणि कुणी विषय काढला की म्हणायचा, बायकोला पळवत आणायला दोन पाय लागतात. आप्पा मात्र कमी बोलणारे. गोठा, बांध, बियाणं, पाऊस एवढ्यात त्यांचं जग मावायचं. दोघे भाऊ रोज शेजारी बसून जेवत. वालाचं बिरडं असलं की आप्पा आपल्या वाटीतलं थोडं न बोलता काकाच्या ताटात वाढत. म्हशीबद्दल बोलत, शेजाऱ्याने बांध कोरल्याबद्दल बोलत, कधी हसतही. ट्रकबद्दल बोलत नसत. जेवताना दारातून तो समोर दिसायचा, म्हणून की काय कोण जाणे, आप्पा कायम दाराकडे पाठ करून बसायचे.

आधी असं नव्हतं. आप्पा तो ट्रक चालवायचे आणि काका क्लीनर होता. गवत आणि पेंढा भरून दोघे मुंबईच्या तबेल्यांना न्यायचे, येताना मिळेल तो माल आणायचे. मला त्या दिवसांचं थोडंच आठवतं: गवताचा वास, गाडीखालून बाहेर आलेले काकाचे दोन पाय, आणि आतून येणारं त्याचं गाणं. क्लीनरने निघायच्या आधी पाट्यांच्या पिनांना ग्रीस मारायचं असतं. पिन कोरडी पडली की ती आखडते, पाट्याला हलता येत नाही, आणि न हलणारा पाटा एखाद्या खड्ड्यात तुटतो. आमचा पाटा कर्जतच्या पुढे एका वळणावर तुटला. गवताने भरलेली गाडी रस्ता सोडून डावीकडे खाली गेली, आणि डावीकडे काका बसला होता. कडावच्या चहाच्या टपरीवर लोकांनी दोन घोटांत निकाल दिला: ग्रीस मारलं नसणार, बबनने आपल्या हाताने आपला पाय घालवला. हे वाक्य फिरत फिरत आमच्या घरापर्यंत आलं. घरात कुणी ते खोडलं नाही, आणि कुणी त्याला मानही डोलावली नाही. आप्पांनी गाडीची किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. पुन्हा गाडीला हात लावला नाही.

तर मांडवाचा वाद. आप्पा जेवताना म्हणाले की खोपोलीचा भंगारवाला बघून ठेवलाय, तो गॅसने कापून तुकडे करून घेऊन जाईल, खळं मोकळं होईल. काकाने हातातला घास ताटात ठेवला.

"गाडी कापायची नाय," तो म्हणाला. "चालत आली तशी चालत जाईल."

"चालत नव्हती आली," आप्पा म्हणाले. "ओढून आणली होती."

इतक्या वर्षांत गाडीबद्दल त्या दोघांत झालेलं पहिलं बोलणं ते एवढंच. आई भाकरी थापायची थांबली. मी भात वाढायला उठले होते, तशीच पातेलं घेऊन उभी राहिले. शेवटी आईनेच तोड काढली. लग्न माघात होतं. संक्रांतीपर्यंत बबनभावजींना काय करायचं ते करू दे, संक्रांतीच्या सकाळी गाडी आपल्या चाकांवर खळ्याबाहेर गेली नाही तर भंगारवाल्याला बोलवा. आप्पांनी हात धुतले आणि गोठ्याकडे गेले. आमच्याकडे यालाच होकार म्हणत.

काकाने खोपोलीहून गणू मिस्त्रीला बोलावलं. दोघांची रस्त्यावरची जुनी दोस्ती. मिस्त्री आडव्या बांध्याचा, गडगडाट करून बोलणारा, आणि खाण्याचा शौकीन. तो आला नेमका मार्गशीर्षात, आणि गुरुवारी ताटात सुकट नाही म्हटल्यावर त्याचं तोंड असं पडायचं की आई बुधवारीच त्याला दोन्ही वारांचं वाढायची. इंजिनाशी तो पुष्कळ दिवस झटला. उंदरांची घरटी काढली, टाकी धुतली, कुठले कुठले भाग घरी नेऊन परत आणले. एका सकाळी गाडी खोकली, काळा धूर ओकली, आणि सुरू झाली. म्हशीने दावं तोडलं, कोंबड्या केबिनमधून उडाल्या त्या परत तिथे अंडी घालायला गेल्याच नाहीत. मी आप्पांना शोधलं. ते लांब बांधावर उभे होते, हातात विळा, तोंड आमच्याकडे. इंजिन बंद होईपर्यंत ते तसेच उभे राहिले आणि मग खाली वाकून कामाला लागले.

उरला होता डावा पाटा. तो काढून नवा बसवल्याशिवाय गाडी जागची हलणार नव्हती, आणि तो काढायचा तर त्याच्या पिना काढायला हव्या होत्या. पुढची पिन थोडी कुरकुरत निघाली, आत पावसाचं पाणी जाऊन तिच्यावर नुसता चिखल आणि गंज उरला होता. मागची हलेना. मिस्त्रीचं पोट गाडीखाली नीट मावत नव्हतं, काकाला एका पायावर उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून हळूहळू गाडीखाली जाण्याचं काम माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नाही. काका पाना मागायचा, मी द्यायची. मग एकदा त्याला दिसेना म्हणून मी बघितलं. मग माझी जागा तीच झाली. पेंढ्यावर पोतं टाकून मी उताणी पडायची आणि काका बाजूला बसून सूचना करायचा. आईचा जीव वर-खाली व्हायचा. नवरीमुलीचे हात काळे झाले तर हळद चढणार कशी, वावोशीची माणसं काय म्हणतील, या तिच्या रोजच्या काळज्या. मी राखेने आणि लिंबाच्या सालीने हात घासायची, पण नखांच्या कडेचा काळा धागा काही जाईना. माझा नवरा रसायनीच्या कारखान्यात कामाला होता. लग्नानंतर त्याने पहिल्यांदा माझा हात हातात घेतला तेव्हा नखं निरखून विचारलं, तूसुद्धा शिफ्टला जातेस का?

मागच्या पिनेने मिस्त्रीचा घाम काढला. त्याने घण मारून बघितला, इतका की आवाज कडावपर्यंत जात असेल. पिनेचं डोकं चेपलं, पण ती केसभरही सरकली नाही. दुसऱ्या दिवशी तो गॅसची नळकांडी टेम्पोत घालून घेऊन आला. लोखंड लाल करायचं, नाही निघाली तर पिन कापून काढायची. खोपोलीत सगळे असंच करतात म्हणाला. काका उठून गाडी आणि नळकांडी यांच्या मध्ये कुबडी टेकून उभा राहिला. गॅस लागणार नाही, म्हणाला. पिन अख्खी निघाली पाहिजे. मिस्त्रीने समजावलं, चिडला, पिन चार आण्याचीही राहिली नाही म्हणाला, नवी मिळते, तुला ही जपून काय देव्हाऱ्यात ठेवायची आहे का. काका ढिम्म हलला नाही. मिस्त्री शेवटी टेम्पोसकट निघून गेला, आणि जाताना तुझ्या काकाचं डोकं पण आखडलंय असं मला सांगून गेला.

आता एक सांगते. परवाच खालापूरच्या रस्त्यालगत एका फार्महाऊसच्या फाटकात असाच लांब नाकाचा ट्रक उभा केलेला पाहिला. मुंबईच्या कुणा हौशी माणसाने तो घासूनपुसून लालभडक रंगवलाय, चाकांना पांढरे पट्टे दिलेत, आणि लोक गाड्या थांबवून त्याच्यापुढे फोटो काढून घेतात. मी नातीला थांबायला लावलं आणि वाकून पुढच्या पाट्याखाली बघितलं. गुडघे कुरकुरले, नात ओशाळली. पिना नव्या होत्या, जुन्या गॅसने कापून काढल्याच्या खुणा कडेला दिसत होत्या. त्याचं त्या मालकाला काही वाटायचं कारण नाही. त्याला त्या पिनांना काही विचारायचं नव्हतं.

काकाला विचारायचं होतं. मिस्त्री गेला त्या दुपारी त्याने मला सांगितलं. मी गाडीखालीच होते, तो पोत्याच्या कडेला बसून बिडी ओढत होता, आणि आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बहुधा सांगू शकला.

"सुले, पिनेच्या पोटात भोक असतं," तो म्हणाला. "ग्रीस त्यातनं आत जातं. मी मारलं असंल तर ते अजून आत असंल. गॅस लावला की जळून जाईल. मग काय दाखवू दादाला?"

मी विचारलं, आप्पांना काय दाखवायचं?

"लोक बोलले ते बोलले. पण दादाने त्या दिवसापासनं गाडी सोडली. माझ्यावर रागावला नाय, एक शब्द बोलला नाय. बोलला असता तर मी पण बोललो असतो. त्याला वाटतं, मी ग्रीस मारलं नव्हतं."

"पण तू मारलं होतंस ना?"

त्याने बिडी जमिनीवर रगडून विझवली. "मारलं होतं," म्हणाला. "मला आठवतं. पण इतक्या वर्सांनी माणसाने आपल्या आठवणीवर तरी किती भरवसा ठेवायचा, सांग."

तेव्हापासून ती पिन माझीसुद्धा झाली. रात्री डोळे मिटले की तिचं चेपलेलं डोकं दिसायचं. ती कोरडी निघाली तर काय, हा विचार मी मनातून ढकलून द्यायची आणि तो परत यायचा. काकाला माझ्याइतकंच कळत होतं. भंगारवाल्याने गॅसने कापली असती तर निदान शंका शिल्लक राहिली असती, आणि शंकेवर माणूस आयुष्य काढू शकतो. काकाने इतकी वर्षं काढलीच होती. तरी तो रोज सकाळी चहा झाला की कुबडी घेऊन गाडीपाशी यायचा. त्याची छाती मोठी, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पिन का निघत नव्हती त्याचं कारण मात्र आमच्याच घरातलं निघालं. आप्पांनी गाडी सोडली तरी आईने सोडली नव्हती. दर दसऱ्याला ती गाडीची पूजा करायची. झेंडूचं तोरण, हळदकुंकू, आणि नारळ. आता नारळ सगळे बंपरपुढे दगडावर फोडतात, पण आईचं म्हणणं, जिथे मोडलं तिथेच शांत करायला हवं. म्हणून ती डाव्या पाट्याच्या मागच्या लोखंडावर नारळ आपटायची. पाणी वर्षानुवर्षं त्याच पिनेवरून गळत होतं. आणि पूजेच्या आधी ती जागा बरी दिसावी म्हणून ती तिथे गेरू फासायची. गेरू संपला तर दाराखिडक्यांचा उरलेला तेलरंग. पिन जागच्या जागी धरून ठेवायला तिच्या बाजूला एक आडवा बोल्ट असतो. पुढच्या पिनेला तो होता, मागच्या पिनेला दिसतच नव्हता, म्हणून मिस्त्रीने ठरवून टाकलं होतं की तो अपघातात गळून पडला. मी एका सकाळी विळ्याच्या टोकाने रंग खरवडत होते, काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. आधी तांबडा पापुद्रा निघाला, मग हिरवा, आमच्या जुन्या दाराचा, मग पुन्हा तांबडा. त्यांच्याखाली एक टेंगूळ लागलं. आणखी खरवडलं तर त्याला कडा निघाल्या. बोल्टाचं डोकं होतं ते, जागच्या जागी, घट्ट.

काकाने कपाळावर हात मारून घेतला आणि मग हसायलाच लागला. इतके दिवस घण घालून आम्ही कडी लावलेल्या दारावर डोकं आपटत होतो. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि काय झालं ते ऐकून तिचा चेहरा उतरला. शोभा यावी म्हणून लावत होते हो, असं काहीतरी पुटपुटली.

"वहिनी," काका म्हणाला, "तुमी गाडीला शांत करत व्हत्या का कुलूप लावत व्हत्या?"

ती रागावली नाही. आत गेली आणि चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. मग ते काम आईनेही आपलं मानलं. बोल्ट निघायला रॉकेल आणि जुनं ऑइल मिसळून चिंध्या भिजवल्या, त्या गुंडाळून रात्रभर ठेवल्या, सकाळी पुन्हा भिजवल्या. तो एकदाचा फिरला तेव्हा काकाने मला गुळाचा खडा दिला. पिनेलाही तेच औषध. रोज चिंधी, रोज थोडं रॉकेल, आणि पितळेची ठोकणी धरून हलके ठोके. जोरात नाही, काका म्हणायचा, तिला कळू दे की आपल्याला घाई नाय. घाई तर होतीच, संक्रांत जवळ आली होती, तिळाचा वास घरात सुटला होता. आई उकळतं पाणी आणून बाहेरच्या लोखंडावर ओतायची, म्हणजे ते जरा फुगेल, पण आतलं ग्रीस जळणार नाही. आमच्या अंघोळी थंड पाण्याने होऊ लागल्या. आप्पांनी पहिल्या दिवशी हंड्यात बघितलं, आईकडे बघितलं, आणि गार पाणी अंगावर घेऊन कुडकुडत गोठ्यात गेले. बोलले काही नाहीत. गणू मिस्त्रीसुद्धा परत आला. राग त्याला दोन दिवसांवर पेलत नसे, आणि आईच्या हातच्या जेवणाचा विरह त्याहून कमी. येताना नळीचा एक तुकडा आणि लांब आट्यांचा बोल्ट घेऊन आला. नळी पिनेच्या तोंडाशी टेकवायची, बोल्ट पिनेच्या तोंडाशी, ग्रीसच्या भोकात असतात त्या आट्यांत अडकवायचा आणि पान्याने आवळत जायचं, म्हणजे पिन नळीत ओढली जाते. ठोकण्यापेक्षा हे बरं. मला एकदाच विचारलं, गॅसला नाही म्हणतो तो कशासाठी? मी सांगितलं. तो ऐकून घेऊन बराच वेळ पाना पुसत राहिला.

ती निघाली दुपारी, आई भाताची निवळ काढत होती त्या सुमाराला. मी पाना आवळत होते, हात भरून आले होते, आणि एकदम आतून कट् असा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. मला वाटलं मोडली. काका म्हणाला, थांबू नको. मी आवळत गेले. पिन सरकू लागली. आधी तिचं टोक दिसलं, गंजाने खाल्लेलं, तपकिरी, खवल्याखवल्यांचं. पण ती जसजशी बाहेर येत गेली तसतसं लोखंड बदलत गेलं. मधला भाग चकचकीत होता. त्याच्यावर ग्रीसचा जाड थर होता, जुन्या तुपासारखा पिवळा. मी बोट लावलं. ते मऊ होतं, बोट आत गेलं. मी गाडीखालून सरपटत बाहेर आले आणि पिन काकाच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांत धरली. मग म्हणाला, जा, दादाला बोलव.

आप्पा गोठ्यातून आले, हातांना शेण, ते पुसत पुसत. गाडीच्या इतक्या जवळ त्यांना उभं राहिलेलं मी मोठी झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

"बघ," काकाने पिन पुढे केली. "ग्रीस हाय दादा. मी मारलं होतं."

आप्पांनी पिन हातात घेतली नाही. नुसते बघत राहिले.

"लोक काय पण बोलले," काका म्हणाला. "तुला पण तसंच वाटलं असंल. मी तुला दोष देत नाय."

"मला?" आप्पा म्हणाले. "मला कवा वाटलं तसं?" मग त्यांचा आवाजच बदलला. "त्या पहाटे तू खाली उतरत होतास. मीच बोललो तुला, उशीर झालाय, ग्रीस राहू दे आज, चढ वर. मी तुला मारू दिलं नाय, बबन. तुझा पाय मी घालवला. इतकी वर्सं मी..."

काका त्यांच्याकडे बघत होता, जणू हा माणूस कोण ते त्याला आठवत नव्हतं.

"मी चढलो," तो हळू म्हणाला, "कारण आदल्या सांजेलाच मारून ठेवलं होतं. पहाटे जास्त झोप मिळावी म्हणून. मी लघवीला उतरत होतो, दादा."

"मग सांगायचंस ना मला."

"तू इचारलंस कवा?"

गणू मिस्त्री, ज्याचं तोंड झोपेतही चालायचं असं त्याची बायको म्हणे, तो तुटलेल्या पाट्याशी वाकला, बोटाने जागा चाचपली आणि खालच्या आवाजात म्हणाला की पाटा पिनेपाशी तुटलेलाच नाही, पार इकडे, पट्ट्यांची जुडी आवळून धरणाऱ्या क्लिपेच्या आत तुटलाय. लोखंडच कच्चं होतं, यात कुणाचाच हात नाय. आप्पांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. ते खाली बसले, काकाच्या शेजारी, माझ्या पोत्यावर. दोघांच्या मध्ये ती पिन होती. आप्पा रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं, पण मी तिथून हललेही नाही. आई दारात आली, हातात पळी, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

खूप वेळाने आप्पांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. काकाच्या दुमडलेल्या लेंग्याकडे बघितलं. मग विचारलं, "दुखतो का रं अजून?"

"कवा कवा," काका म्हणाला. "थंडीचा दुखतो. जो नाय तो."

आप्पांनी आपला शेणाचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. मी गाडीच्या मागे गेले, चाकाला टेकले, आणि तोंडात पदर कोंबून रडले. दुःखाने नाही, आनंदानेही नाही. दोन माणसं रोज एका ताटाच्या अंतरावर बसून इतकी वर्षं जेवली, याचं रडू होतं ते. नवा पाटा संक्रांतीच्या आधी बसला आणि आप्पांनीच गाडी खळ्याबाहेर काढली. लग्नात वावोशीच्या बायकांनी एक गोष्ट टिपली आणि पुढे पुष्कळ वर्षं मला ऐकवली: पाठवणीला नवरी टिपूसभर रडली नाही, भारी घट्ट काळजाची पोर. मी कधी त्यांना उत्तर दिलं नाही. माझं रडून झालं होतं.